जॅकची सुट्टी

हेमचंद्र आगटे मेकॅनिकल इंजिनिअर होता आणि गेली सहा वर्षं तो आइंडहोवन या डच शहरात एक चिमटा डिझाइन करत होता. चिप बनवणारं यंत्र खोलीएवढं असतं. त्याच्या पोटात कुठेतरी एक केबल असते आणि ती हलू नये म्हणून तिला धरून ठेवणारा, बोटाच्या पेराएवढा एक तुकडा असतो. तो तुकडा हेमचंद्रचा. सध्या त्याची सातवी आवृत्ती चालू होती आणि ती सहावीसारखीच दिसत होती. पुण्याला गेला की नातेवाईक विचारत, "म्हणजे तू मोठमोठी यंत्रं बनवतोस का रे?" त्यावर तो "हो, साधारण तसंच," असं म्हणून चहा मागायचा. घरात मात्र काहीही बिघडलं की तो म्हणायचा, "त्यात काय, मी मेकॅनिकल इंजिनिअर आहे." मग दोन दिवसांनी माणूस बोलवावा लागायचा.

२०१७च्या सप्टेंबरात चित्राच्या गाडीचा क्लच गेला.

गाडी चित्राची होती, हे आधीच सांगितलेलं बरं. चित्रा त्याची बायको. अकरा वर्षांपूर्वी ती नवऱ्याच्या व्हिसाला जोडलेलं कागदपत्र म्हणून या देशात आली. पहिली काही वर्षं तिनं गेमेंटेच्या, म्हणजे आपल्या नगरपालिकेच्या वर्गात डच शिकण्यात आणि खिडकीतून सायकली मोजण्यात घालवली. मग तिनं ड्रायव्हिंगची परीक्षा दिली, नापास झाली, पुन्हा दिली, पुन्हा नापास झाली आणि तिसऱ्यांदा पास झाली. चौदा वर्षांची एक लाल जपानी गाडी घेतली. शहरापासून चाळीस किलोमीटरवरच्या एका मालगोदामात खोकी भरायचं काम धरलं, तिथून फोर्कलिफ्टवर गेली, आणि आता येत्या सोमवारपासून ती पहिल्या पाळीची प्रमुख होणार होती. पाळी सकाळी सहाला. गेटच्या किल्ल्या तिच्याकडे. ती वेळेवर पोचली नाही तर बावीस माणसं पावसात उभी राहणार, आणि अकरा वर्षांनी मिळालेली पहिली मोठी जबाबदारी पहिल्याच दिवशी पावसात जाणार. इतक्या सकाळी तिथे जाणारी बस नव्हती.

अशा वेळी क्लच गेला. म्हणजे चौथ्या गिअरमध्ये इंजिन जिवाच्या आकांतानं ओरडायचं आणि गाडी आपल्याला कुणी हाक मारली का, याचा विचार करत बसायची.

हेमचंद्रनं गॅरेजला फोन केला. या देशात कशालाही आधी अफस्प्राक, म्हणजे वेळ ठरवून घ्यावी लागते. दात दुखत असला तरी तो कधीपर्यंत दुखेल याचा अंदाज सांगावा लागतो. गॅरेजवाल्या बाईंनी गोड आवाजात सतरा ऑक्टोबर सांगितली. दुसऱ्या गॅरेजातल्या माणसानं गाडीभोवती एक फेरी मारली आणि डॉक्टर नातेवाइकांना बाजूला घेऊन सांगतात त्या सुरात म्हणाला, "वय झालंय तिचं."

"आपण तोवर भाड्याची गाडी घेऊ," चित्रा म्हणाली.

हे इतकं शहाणपणाचं बोलणं होतं की हेमचंद्रला ते लागलं. त्यानं चष्मा काढून पुसला.

"क्लच म्हणजे काय असतं चित्रा? एक चकती. गिअरबॉक्स उतरवायचा, चकती बदलायची, गिअरबॉक्स चढवायचा. मी मेकॅनिकल इंजिनिअर आहे. सोमवारी पहाटे गाडी दारात असेल, हा माझा शब्द."

चित्रानं त्याच्याकडे पाहिलं आणि "बरं," म्हणाली. लग्नाला पंधरा वर्षं झाली की "बरं" या शब्दात बरंच काही मावतं.

ही बातमी उल्हास देवस्थळीला कळायला अर्धा तास लागला. उल्हास पलीकडच्या गल्लीत राहायचा, एका बँकेच्या सॉफ्टवेअरमध्ये होता, आणि जगातलं कोणतंही काम त्यानं कधी ना कधी व्हिडिओत पाहिलेलं असायचं. मूळव्याध असो की गवंडीकाम, त्याचा सल्ला तयार. आपला हात जगन्नाथ, हे त्याचं आवडतं वाक्य होतं, फक्त त्यातला हात नेहमी दुसऱ्याचा असे.

"घराबाहेर जॅकवर गाडी चढवून हे करू नकोस," उल्हास म्हणाला. "नगरपालिकेची माणसं दंड करतात. रस्त्यावर तेल सांडलं तर वेगळा दंड. इथे तासाच्या भाड्यानं वर्कशॉप मिळतं. दू-हेट-झेल्फ. आपलं आपण करायचं. लिफ्ट असते, हत्यारं असतात, सगळं असतं. मी येतो ना तुझ्याबरोबर, काळजी करू नकोस."

हेमचंद्रला तेव्हापासूनच काळजी वाटायला लागली.

शुक्रवारची रजा टाकून त्यानं तीन संध्याकाळी बसून योजना तयार केली. चौदा पानं झाली. त्यात धोक्यांचा तक्ता होता. ऑफिसात प्रत्येक कामाचा असतो तसाच. धोका, शक्यता, उपाय, जबाबदार व्यक्ती, सद्यस्थिती. चौथी ओळ अशी होती: गिअरबॉक्स जॅकवरून निसटणे, शक्यता कमी, उपाय, पट्ट्याने बांधणे, जबाबदार, हे. आ.; सद्यस्थिती, पूर्ण. त्याच्या ऑफिसात उपाय लिहिला की धोका पूर्ण झाला असं धरतात आणि पुढच्या ओळीकडे वळतात. सहा वर्षांत त्यामुळे कुणाच्या डोक्यावर काही पडलं नव्हतं, कारण चिमटा पाच ग्रॅमचा होता.

शुक्रवारी सकाळी नऊला गाडी कशीबशी दुसऱ्या गिअरमध्ये ढकलत दोघं वर्कशॉपमध्ये पोचले. मालक तोन नावाचा साठीचा, रुंद, सावकाश माणूस होता. त्यानं आधी अर्ज दिला. तेवीस नियम, प्रत्येक पानावर सही. मग सुरक्षेची चित्रफीत दाखवली. ती वीस मिनिटांची होती आणि पूर्णपणे ब्राबांती, म्हणजे तिथल्या गावरान डचमध्ये होती. हेमचंद्रनं अकरा वर्षांत ऑफिसात इंग्रजी बोलून जेवढं डच शिकता येतं तेवढंच शिकलं होतं. तो योग्य जागी मान हलवत राहिला.

"बूट," तोन म्हणाला.

हेमचंद्रचे बूट चालायला जायचे होते. नियम तीनप्रमाणे पुढे लोखंडी टोपी असलेले बूट लागत. तोनकडे उसने द्यायला एकच जोड होता, सत्तेचाळीस नंबरचा. हेमचंद्रचा पाय एक्केचाळीस. उल्हासनं स्वतःचे बूट घरूनच आणले होते, कारण त्यानं व्हिडिओत पाहिलं होतं, पण हे त्यानं आदल्या दिवशी सांगितलं नव्हतं. हेमचंद्र त्या होड्यांमधून कारखानाभर फिरू लागला. तो थांबला तरी बूट अजून थोडं पुढे जायचे.

गाडी दोन खांबांच्या लिफ्टवर चढली आणि डोक्याच्या वर गेली. मग तोननं तो जॅक ढकलत आणला. वर्कशॉपमध्ये तसा एकच होता. गाडी वर उचललेली असताना तिच्या पोटातून गिअरबॉक्स काढायचा असला की हा लागतो: चाकांवरचा कमरेएवढा लोखंडी खांब, वर ताटलीसारखी बैठक, खाली पेडल. पायानं पेडल दाबत राहिलं की खांबातून खांब निघतो आणि बैठक वर वर जाते. उतरवायचं असलं की बाजूची चावी अगदी किंचित फिरवायची, मग तो सुस्कारा टाकत खाली येतो. बैठकीच्या एका बाजूला खटक्याचा एक पट्टा लोंबत होता. हेमचंद्रला वाटलं, तो जॅक टेम्पोतून नेताना बांधून ठेवायचा असेल.

नऊ ते एक. या चार तासांचं वर्णन करायला हेमचंद्रला पुढे कधीही धीर झाला नाही. तेल काढलं, ते निम्मं पातेल्यात आणि निम्मं उल्हासच्या बाहीत गेलं. अ‍ॅक्सल निघेनात. निघाले तेव्हा एकदम निघाले आणि हेमचंद्र बुटांसकट मागच्या कपाटावर जाऊन बसला. योजनेप्रमाणे बोल्ट नऊ होते. नऊ काढले तरी गिअरबॉक्स जागचा हलेना. उल्हासच्या फोनवर एक पोलिश माणूस हेच काम अकरा मिनिटांत शिट्टी वाजवत करत होता. त्याला पुन्हा पुन्हा थांबवून, मागे नेऊन पाहिलं तेव्हा दहावा बोल्ट सापडला, तोही अशा जागी की जपानमधल्या कुणाचा तरी हेमचंद्रवर व्यक्तिशः राग असावा.

एक वाजता तो सुटला. जॅकच्या बैठकीवर पस्तीस किलोचा गिअरबॉक्स अलगद टेकला, इंजिनापासून वेगळा झाला आणि त्यांनी जॅक हळूहळू मागे घेतला. हेमचंद्र त्याच्या खाली उभा राहून वर बघत राहिला. त्याचे हात कोपरापर्यंत काळे होते, कंबर मोडली होती. सहा वर्षांत पहिल्यांदाच त्यानं वजन असलेली एखादी वस्तू हलवली होती. त्याला इतका आनंद झाला की तो कुणाला सांगायची लाज वाटावी. "मी हात धुऊन येतो," एवढंच तो उल्हासला म्हणाला.

तेल लागलेले हात धुवायला दहा मिनिटं लागतात. तेवढ्यात उल्हासनं पूजा केली.

त्या दिवशी खंडेनवमी होती, ही गोष्ट हेमचंद्रच्या चौदा पानांत कुठेच नव्हती. उल्हासच्या मात्र खिशात होती. त्यानं हळदकुंकवाच्या दोन पुड्या, मूठभर अक्षता आणि सुपरमार्केटमधला शेवंतीचा गुच्छ आणला होता. जॅकच्या खांबाला कुंकवाची पाच बोटं, पेडलवर फूल, गिअरबॉक्सवर अक्षता. उदबत्ती नियम अकराप्रमाणे चालली नसती म्हणून ती नुसती दाखवली. मग फोटो काढला आणि "परदेशातही परंपरा" अशा मथळ्याखाली महाराष्ट्र मंडळाच्या ग्रुपवर टाकला. दोनशे बारा सभासदांनी नमस्कार केले.

हेमचंद्र परत आला आणि त्यानं पाहिलं. पूजेला त्याचा विरोध नव्हता. घरी दरवर्षी लॅपटॉपला कुंकू लागायचंच.

"चला, आता खाली घेऊ आणि क्लच बदलू," तो म्हणाला.

तेवढ्यात उल्हासचा फोन वाजला. लीलावतीकाकूंचा संदेश होता. लीलावतीकाकू म्हणजे मंडळाचं सर्वोच्च न्यायालय. मिरजेला तीस वर्षं शाळेत शिकवून त्या आता मुलाकडे राहायला आल्या होत्या, आणि सवाष्णीला काय वाढावं इथपासून डच शेजाऱ्याच्या कुत्र्याला पुरणपोळी घालावी का, इथपर्यंत सगळे वाद त्यांच्यापुढे जात. त्यांनी लिहिलं होतं: "पूजा छान. मात्र पूजलेलं हत्यार आज चालवायचं नसतं. उद्या दसऱ्याला उत्तरपूजा करून मगच. आमच्याकडे या दिवशी विळीसुद्धा उभी करत नाहीत."

"झालं," उल्हास म्हणाला आणि जॅकपासून दोन पावलं मागे सरकला.

"काय झालं? उल्हास, हा तोनचा जॅक आहे. भाड्याचा आहे. त्याला कसली नवमी?"

"पूजा झाली ना पण. आता मला सांगून उपयोग नाही. दोनशे बारा लोकांनी पाहिलंय."

हेमचंद्रनं शेवटचा उपाय म्हणून चित्राला फोन लावला. चित्रा घरात सगळ्यात कमी देवभोळी. संकष्टीला ती कँटीनमध्ये चीज सँडविच खात असे आणि तसं सांगतही असे. तिची जेवणाची सुट्टी चालू होती.

"ऐक ना, लीलावतीकाकूंचं काहीतरी निघालंय—"

"वाचलं मी," चित्रा म्हणाली. "नको हात लावू आज."

"काय?"

"त्या जॅकजवळसुद्धा जाऊ नकोस. तू किंवा उल्हास, कुणीच नाही. सोमवारी माझा पहिला दिवस आहे हेमू. मला उगाच मनात काही नकोय."

"अगं, पण वर्कशॉप रविवारी बंद असतं. उद्या पाचपर्यंत झालं नाही तर सोमवारी—"

"तर नाही. पण आज हात लावायचा नाही. शब्द दे."

त्यानं शब्द दिला. या आठवड्यातला हा दुसरा, आणि पहिला धोक्यात घालणारा. फोन ठेवून तो एका उलट्या बादलीवर बसला. बायकोनंही साथ सोडली, याचं त्याला खरंच वाईट वाटलं. चार तासांचा घाम एका बाजूला आणि मूठभर अक्षता दुसऱ्या बाजूला, आणि अक्षता जड भरल्या.

आता प्रश्न तोनचा होता. नियम एकोणीस: गाडी रात्री ठेवता येणार नाही. हेमचंद्रनं मनातल्या मनात डच वाक्यं जुळवली आणि त्याच्यापुढे उभा राहिला. धर्म, परंपरा, नवरात्र यांतलं काहीच त्याला त्या भाषेत येत नव्हतं. शेवटी त्यानं जॅककडे बोट दाखवलं आणि तोंडाला आलं ते बोलला. "आज त्याला सुट्टी आहे."

तोननं कुंकवाची बोटं पाहिली, पेडलवरचं फूल पाहिलं.

"जॅकला?"

"हत्यारांना. वर्षातून एक दिवस. आमच्याकडे."

तोन विचारात पडला. हेमचंद्र ओरडा खायच्या तयारीनं उभा राहिला.

"एकच दिवस?" तोन म्हणाला. "वर्षात?"

"एकच."

"कमी आहे," तोन म्हणाला. या देशात देवावर विश्वास असो नसो, सुट्टीवर सगळ्यांचा असतो. त्यानं एका पुठ्ठ्यावर जाड पेननं 'आज रजेवर' असं लिहिलं आणि तो पुठ्ठा जॅकच्या गळ्यात अडकवला. गाडी ठेवायलाही तो तयार झाला. मग त्यानं वर पाहिलं. "पण रजेवर असलेला असं ओझं घेऊन उभा राहत नाही. ते रात्रभर वर ठेवता येणार नाही. खाली घ्या."

"खाली घ्यायचं तर जॅक चालवावा लागेल," हेमचंद्र म्हणाला.

"मग चालवा."

"आज सुट्टी आहे."

दोघांनीही वर गिअरबॉक्सकडे पाहिलं. हा पेच तेवीस नियमांत नव्हता आणि चौदा पानांतही नव्हता. उल्हासनं तो लीलावतीकाकूंपुढे मांडला. तिकडून वीस मिनिटं काही आलं नाही. काकू पोथ्या बघत असतील, असं उल्हास हळू आवाजात म्हणाला. मग निकाल आला. वर चढवणं म्हणजे काम, खाली येणं म्हणजे विश्रांती. उतरवायला हरकत नाही, मात्र ज्यांनी पूजा केली त्यांनी लांब उभं राहावं आणि जागेच्या मालकानं स्वतःच्या हातानं उतरवावं.

ही आज्ञा तोनला सांगितली. त्याला ती योग्य वाटली. तो पुढे झाला, चावीला हात घातला आणि थांबला. वर बघत त्यानं गिअरबॉक्सला एका बोटानं जरासं ढकललं. गिअरबॉक्स बैठकीवर चार बोटं सरकला आणि सगळ्या अक्षता खाली पडल्या.

तोन एक शब्द बोलला. हेमचंद्रनं तो आधी कधी ऐकला नव्हता आणि उल्हासनंही नाही. मग त्यानं तो लोंबणारा पट्टा ओढून गिअरबॉक्सवरून घेतला, खटका आवळला, पुन्हा हलवून पाहिलं, आणि मगच चावी फिरवली. जॅक सुस्कारा टाकत जमिनीपर्यंत आला. तोन आत गेला, हेमचंद्रनं सही केलेला अर्ज घेऊन आला आणि नियम सातखाली नखानं रेघ ओढली: ओझं पट्ट्यानं बांधल्याशिवाय जॅक हलवू नये.

हेमचंद्र वाचत राहिला. नियम सात त्याच्या चौथ्या ओळीत होता. शक्यता कमी, सद्यस्थिती पूर्ण. जिथे तो दुपारी तोंड वर करून उभा होता ती जागा त्यानं एकदा बघितली, आणि पुन्हा बघावीशी वाटली नाही.

घरी त्यानं हे चित्राला सांगितलं नाही. तिनंही विचारलं नाही. "दमला असशील," ती म्हणाली आणि गरम पाण्याची पिशवी दिली. हे जरा चमत्कारिक होतं, कारण एरवी ती सगळं विचारते.

शनिवारी चित्रा म्हणाली, "मीपण येते उत्तरपूजेला." येताना तिनं स्वतःचे गोदामातले लोखंडी टोपीचे बूट पायात घातले होते. पूजा मात्र तिनं अर्ध्या मिनिटात उरकली. जॅकच्या गळ्यातला पुठ्ठा काढला आणि बाह्या वर केल्या.

क्लचची चकती हेमचंद्रनं बसवली, आणि ती चांगली बसवली, हेही सांगायला हवं. मोजमापाचं काम त्याच्या हाताचं होतं. मग तिघांनी मिळून गिअरबॉक्स बैठकीवर ठेवला. हेमचंद्र पेडलकडे वळणार इतक्यात चित्रानं त्याला नुसत्या हातानं बाजूला केलं. तिनं पट्टा ओढला, खटका दोनदा वाजवला, गिअरबॉक्सला दोन्ही हातांनी हलवून पाहिलं. मग पाय पेडलवर ठेवला आणि सावकाश, एका लयीत दाबू लागली.

"खाली उभा राहू नकोस," ती उल्हासला म्हणाली. "बाजूनं बघ. हेमू, तू सांग किती राहिलं."

"दोन सेंटीमीटर," हेमचंद्र म्हणाला. "एक. थोडं डावीकडे."

त्यांना पहिल्यांदा जमलं नाही. दुसऱ्यांदाही नाही. खाली घ्यायचं, वाकडं झालेलं सरळ करायचं, पुन्हा चढवायचं. एकदाही ती वैतागली नाही, एकदाही तिनं बैठक झपकन सोडली नाही. तोन दाराशी कॉफी पीत बघत होता. पाचव्या खेपेला गिअरबॉक्स आत सरकला आणि बसल्याचा एक जाड आवाज झाला. तो ऐकून उल्हासनं उगीचच नमस्कार केला.

"वहिनी, तुमची श्रद्धा फळाला आली," तो म्हणाला. "काल तुम्ही अडवलंत म्हणून." आणि तो चहा आणायला गेला.

चित्रा दहावा बोल्ट आवळत होती. "श्रद्धा कसली," ती पान्याकडे बघत म्हणाली. "फोटोत पट्टा लोंबत होता."

हेमचंद्रला समजायला काही क्षण लागले.

"तू फोटो मोठा करून पाहिलास?"

"गोदामात दिवसभर तेच बघते मी. माल वर आणि पट्टा मोकळा. मार्चमध्ये एकाचा पाय गेला तसा." तिनं पाना काढला. "डब्यावर बसले होते, फोटो आला. डबा तसाच ठेवला. काकूंना मीच फोन केला. म्हटलं, काकू, पूजलेलं हत्यार चालवत नाहीत असं आई म्हणायची, ते खरं का. त्या म्हणाल्या, खरं आहे, पण हल्ली कुणाला सांगत नाही, कोण पाळतंय. म्हटलं, आज सांगा. आत्ता सांगा."

"आणि ते चढणं म्हणजे काम, उतरणं म्हणजे विश्रांती?"

"तेसुद्धा मीच. काकूंना कुठलं माहीत असणार? त्यांनी विचारलं, मुली, आता काय लिहू. मालकानं उतरवलं तर तो तरी बघेल, म्हटलं."

हेमचंद्रला आधी राग आला. मग राग कुणाचा ते ठरेना. उल्हास चहा घेऊन आला तेव्हा तो गाडीखाली उभा राहून एकच नट पुसत होता, आणि तो आधीच स्वच्छ होता.

पावणेपाचला गाडी खाली आली. एक बोल्ट उरला. तोननं तो हातात घेऊन पाहिला, "हा मागच्या गिऱ्हाइकाचा," म्हणाला आणि खिशात टाकला. तसं खरोखर होतं की हेमचंद्रकडे बघून त्याला दया आली, ते कुणी विचारलं नाही. चित्रानं गाडी चालवत घरी नेली. चौथा गिअर पडला आणि गाडी मुकाट्यानं पुढे गेली. त्या रात्री उल्हासनं ग्रुपवर लिहिलं की हेमचंद्रनं स्वतःच्या हातानं क्लच बदलला. दोनशे बारा सभासदांनी नमस्कार केले, त्यांत लीलावतीकाकूंचा होता आणि चित्राचाही होता.

सोमवारी पहाटे गाडी दारात होती. चित्रा पाच वाजता गेली आणि दुपारी चारला परत आली. बूट काढून ती सोफ्यावर बसली. हेमचंद्र लवकर घरी आला होता. त्यानं तिच्यापुढे पोह्यांची ताटली ठेवली.

"वेळेत पोचलीस?"

"दहा मिनिटं आधी. पहिलं काम काय केलं सांगू? मार्टेन म्हणून आहे एक. वीस वर्षं तिथेच. पट्टा न लावता माल वर घेत होता. थांबवलं त्याला, सगळ्यांसमोर. तो म्हणाला, मी वीस वर्षं असंच करतोय. म्हटलं, तरी खाली घे."

"घेतलं?"

"घेतलं. दिवसभर बोलला नाही माझ्याशी."

"म्हणजे तू त्याला सरळ सांगितलंस."

"मग काय, त्याच्यासाठी काकूंना फोन करू?"

हेमचंद्र हसला नाही. दोन दिवस तो हेच घोळवत होता आणि आता ते बाहेर आलं. "मग मलाही सरळ सांगायचं होतंस. फोनवरच. पट्टा लाव म्हणून. मी काय परका होतो?"

चित्रानं पोहे खाल्ले. तिला भूक लागली होती. ताटली निम्मी झाल्यावर ती म्हणाली, "मार्टेन दिवसभर बोलला नाही तरी मला चालतं."

हेमचंद्रला लाज वाटली, आणि ही लाज बरोबर होती हेही त्याला कळलं. इतक्या वर्षांत तिनं त्याला अशा किती वाटांनी वळवलं असेल, याचा हिशोब करायचं धाडस त्याला झालं नाही.

"पुढच्या वेळी सरळ सांग," तो म्हणाला. "मी रागावेन. पण खाली घेईन."